आमची वाटचाल : ट्रायपॉड, ट्रेमी आणि अण्णा

आमचं काम पाइलचं, म्हणजे इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोल काँक्रीटचे खांब भरण्याचं. २६ जुलै २००५ला कल्याणच्या साइटवर आमचे चार ट्रायपॉड (बोअर खणायच्या तीनपायी घोड्या) उभे होते. तीन बोअर (पाइलचे खड्डे) खडकाला टेकलेले, चौथ्यात केज, म्हणजे सळ्यांचा सांगाडा, उतरवायचा बाकी. रात्री उल्हास नदीचं पाणी शिरलं. पोरं शेजारच्या स्लॅबवर चढली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर विंचची (दोर ओढायच्या यंत्रांची) इंजिनं गाळात आणि चारही बोअर ढासळलेले. बोअरची माती बेंटोनाइटच्या (आत भरलेल्या चिकणमातीच्या पातळ राड्याच्या) दाबावर धरून राहते. आतबाहेर पाणी एक झालं की तो दाब संपलाच.

मुख्य ठेकेदाराने बिल अडवलं, आधी भरलेल्या एकतीस पाइलांचंसुद्धा. उरलेलं काम हायड्रॉलिक रिगवाल्या (मोठ्या यंत्राने बोअर खणणाऱ्या) एका कंपनीला गेलं. त्यांच्या माणसाने ठाण्यापर्यंत बोंब ठोकली की ट्रायपॉडचे पाइल भरवशाचे नसतात. पुढे आमच्या एकतीसही पाइलांची इंटिग्रिटी टेस्ट (पाइल आतून अखंड आहे का याची तपासणी) झाली. एकही नापास नाही. हे कुणी कुणाला सांगितलं नाही. त्या पाइलांवर आज सात मजले उभे आहेत.

त्या ऑगस्टात डोंबिवलीचे एक जुने बिल्डर, आमचे अण्णा, स्वतः यार्डात आले. चिखलाने माखलेल्या दीड टनाच्या चिझलवर (खडक फोडायच्या छिन्नीवर) हात ठेवून म्हणाले, "धार आहे ना? मग काम कर." इंजिनं खोलायला ॲडव्हान्स दिला आणि बदलापूरला डोंगर कापलेल्या जागेची रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) दिली. भिंतीमागे आम्ही मुरूम ढकलला नाही, खडी भरली आणि वीप होल (पाणी निघायची भोकं) मोकळे ठेवले. पहिल्याच पावसात प्रत्येक होलमधून पाण्याची धार लागली तेव्हा अण्णा छत्री मिटून बघत उभे राहिले.

नंतर काम वाढलं, २०१८ला स्वतःची रिग घेतली. तरी नव्या पोरांना सांगतो, रिग कितीही मोठी असो, काँक्रीटआधी तळ फ्लश करा, म्हणजे गाळ धुऊन काढा. ट्रेमीचं (काँक्रीट तळापासून ओतायच्या पाइपचं) टोक दोन मीटर काँक्रीटमध्ये बुडालेलं ठेवा, पाइप काढताना दर वेळी दोरी सोडून मोजा, अंदाजाने ओढू नका. ट्रेमी एकदा वर सुटली की मध्ये गाळ बसतो, आणि तो पाइल गेला. आरएमसीची (तयार काँक्रीटची) पुढची गाडी गेटवर दिसेपर्यंत ओतायला सुरुवातही करू नका.

कल्याणचं रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) अजून आलेलं नाही. मोजणीच्या वहीत एकतीसही पाइलांची खोली लिहिलेली आहे, खाली मुख्य ठेकेदाराच्याच इंजिनिअरची सही आहे.