दादरचं खळं

शाळेतल्या पोरांना ‘जुन्या काळची शेती’ दाखवायची असं गावात ठरलं, तेव्हा पहिल्या बैठकीत जी यादी निघाली ती थेट मंगल कार्यालयाच्या सजावटीची होती. रंगवलेली बैलगाडी, कंदील, फेटे, नऊवारी नेसलेल्या मुली आणि फोटो काढायला एक झोपडी. गाव माझं माहेर, अमळनेर तालुक्यातलं, तापीच्या अंगाचं. मी शिकवते तालुक्याच्या गावी, पण माहेरवाशिणीला बैठकीत बोलायला कोण अडवणार? मी म्हटलं, वस्तू मांडून काही कळणार नाही. एकच काम घेऊ, पण पुरतं करू. खळं करू. दादर म्हणजे आमच्याकडची उंच देशी ज्वारी; तिची कणसं खळ्यावर पडल्यापासून पायलीनं माप होईपर्यंत, ट्रॅक्टर नाही, थ्रेशर नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना तेवढे गप्प होते. वयानं गावात सगळ्यांत मोठे, आणि बैलांच्या मळणीत प्रत्यक्ष राबलेल्या थोड्या लोकांपैकी एक. त्यांनी विचारलं, “कोनतं साल?”

प्रश्न चोख होता. ‘जुना काळ’ म्हणजे नेमका कधीचा? आमच्या डोक्यात आजोबांची बंडी, पणजोबांची पगडी आणि वडिलांचा रेडिओ एकाच खोलीत बसलेले. मग दोन-तीन संध्याकाळी त्याच वादात गेल्या. १९६४ ला ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं, सीएसएच-१. त्यानंतर बुटकी ज्वारी पसरत गेली, म्हणून उंच देशी दादर हवी तर त्याच्या मागे जायला हवं. पायली-शेरानं मोजायचं, तर मेट्रिक मापं यायच्या आधी, म्हणजे १९५८ च्या अलीकडे थांबून चालणार नाही. हिशेब आण्यांत करायचा, तर १ एप्रिल १९५७ च्या पलीकडे, कारण त्या दिवसापासून नवे पैसे सुरू झाले. असं मागे सरकत सरकत आम्ही १९५५ वर येऊन टेकलो. राज्य मुंबई, जिल्हा पूर्व खानदेश. साल ठरलं आणि कामं सोपी झाली. प्लास्टिकची घमेली बाद, नायलॉनचा दोर बाद, पत्र्याचं शेड बाद. कोणी काही आणलं की पोरंच विचारायची, “हे पंचावनला होतं का?”

दादर मिळायला अडचण आली नाही. तापीकाठच्या काळ्या भारी जमिनीत अजून लोक ती लावतात, भाकरीसाठी आणि त्याहून जास्त कडब्यासाठी. एका चुलत भावाचा एका कोपऱ्यातला तुकडा आम्ही विळ्यांनी कापला, कणसं खुडली, कडब्याच्या पेंढ्या बांधून उभ्या केल्या. हे भराभर झालं.

खळ्याच्या जमिनीनं मात्र घाम काढला. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्या भेगांत दाणे गेले की गेले. म्हणून नानांनी शेतातली माती घेऊच दिली नाही. गावठाणातल्या पडक्या धाब्याच्या घराची पांढरी माती आणायला लावली. आधी जागा उकरून, ढेकळं फोडून सपाट केली, पाणी मारलं, वर ती पांढरी माती नि बारीक भुसकट पसरून बैल फिरवले, मग धुम्मसानं चोपलं. मग शेणाचा सडा, मग सारवण. वाळलं की बारीक चिरा दिसायच्या, पुन्हा सारवण. हे बायांचं काम, आणि मी पदर खोचून त्यांच्यात बसले होते, म्हणून सांगते: खळं सारवणं म्हणजे अंगण सारवणं नव्हे. हात सारखा दाबून फिरवावा लागतो, शेणाचा थर जाड झाला की पोपडा निघतो, पातळ झाला तर खालची माती दाण्यात येते. शेजारची मोठीमाय माझ्या हाताकडे बघत होती. बोलली काही नाही, माझ्या मागून तोच पट्टा स्वतः पुन्हा सारवत आली.

खळं तयार झाल्यावर त्यावर चप्पल घालून कुणी चढायचं नाही. हा नियम पोरांनी आमच्याआधी उचलला. पाहणीला आलेल्या एका पुढाऱ्याला चौथीतल्या मुलीनं बूट काढायला लावले.

औजारं माळ्यांवर निघाली. पितळी पायली एका घरात, अधोली दुसऱ्याकडे, शेर, मापटं, चिपटं तिसऱ्याकडे. सगळी कुठल्या ना कुठल्या देवघरामागे पडून. उफणायची तिवई सुतारानं जुन्या लाकडातून नवी करून दिली. अडलं ते दोराशी. बैल बांधायला चऱ्हाट हवं आणि बाजारात जिथे जावं तिथे निळा-हिरवा नायलॉन. पूर्वी प्रत्येक घर शेताच्या कडेला अंबाडी लावायचं, ती पाण्यात कुजवून सोलायची, ढेऱ्यावर सूत काढायचं आणि मोकळ्या वेळात दोर वळायचे. नानांना वळता येतं, पण वळायला वाख कुठे होता? शेवटी पलीकडच्या गावातल्या एका गोठ्यात जुनं चऱ्हाट सापडलं, तेही निम्मं कुजकं. चांगला तुकडा मेढीच्या, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाच्या, कड्याला लावला, बाकी ठिकाणी तागाची सुतळी वळून भागवलं. ती काही १९५५ ची नव्हती. नानांनी बघितली आणि चक्क थुंकले.

आता बैल. गावात जोड्या कमी उरल्यात, तरी सातपुड्यापलीकडून आलेली निमाडी जोडी एकाकडे होती आणि आणखी एक गावठी जोडी मिळाली. मला वाटलं, झालं. नाना म्हणाले, “बैल तं आनशात, पन त्या फिरतीन का?”

नाही फिरले. आजचा बैल वखर ओढतो, कपाशीत कोळपं ओढतो. तासातून सरळ चालायचं, बांधाशी आलं की वळायचं, एवढंच त्याला माहीत. मळणीला जू नसतं. बैल गळ्याशी गळा असे एका ओळीत बांधतात, ती पात, आणि पात मधल्या मेढीभोवती गोल फिरते. आमचे बैल दहा पावलं जायचे आणि बांध आला असं समजून उभे राहायचे. शिवाय ओळीतला आतला बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि बाहेरचा केवढं तरी मोठं वर्तुळ कापतो. तरणा बैल आत बांधला तर तो सगळ्या पातीला ओढून मेढीवर नेतो. म्हणून आत म्हातारा, संथ, बाहेर उमेदीचा. मेढीवरचं कडं सैल फिरतं राहिलं पाहिजे, नाहीतर दोर गुंडाळला जातो आणि वर्तुळ लहान लहान होत जातं. ही सगळी यंत्रविद्या नानांनी एका वाक्यात कधी सांगितली नाही. ते नुसते बैल सोडायचे आणि बांधायचे. बरेच दिवस रिकाम्या खळ्यावर सकाळ-संध्याकाळ बैल फिरवले, तेव्हा कुठे त्यांना कळलं की इथे बांध येतच नाही.

मुसकं घालायचं की नाही यावरही भांडण झालं. बैलांनी फिरता फिरता कणसांत तोंड घालू नये म्हणून मुसकी बांधणारे होते, तसे न बांधणारेही होते. आम्ही बांधली नाहीत. हिशेब सरळ होता: चार तोंडं खाऊन खाऊन किती खाणार?

फाल्गुनात, होळीच्या आसपास, मळणीचा दिवस ठेवला. कणसं पसरली, पात सुरू झाली आणि पोरांमध्ये मारामारी लागली ती एका विचित्र कामावरून. बैलानं शेपूट उचललं की धावत जाऊन शेण पाटीत झेलायचं, दाण्यावर पडू द्यायचं नाही. फेटा घालून फोटो काढायला एकही पोर गेलं नाही.

दुपारपर्यंत गंमत होती. मग ऊन चढलं, ज्वारीची कूस घामाला चिकटून अंग खाजायला लागलं. दर थोड्या वेळानं बैल थांबवून कणसं खाली-वर करायची, दाणे न सुटलेली वेचून पुन्हा टाकायची. थ्रेशर हाच ढीग चहा पिऊन होईपर्यंत काढतो. हे मुलांना दिसावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. जुन्या शेतीचं कौतुक करणारे बहुतेक लोक तिथे सकाळी अकराला येतात आणि जेवून जातात. आमच्याकडचे पाहुणेही तसेच आले, तसेच गेले.

ते गेले तेव्हा खळ्यावर नुसतं मदन पडलं होतं, दाणे आणि भुसा एकत्र. उफणायला वारा हवा, आणि वारा नव्हता. दुपारी एक वावटळ येऊन अर्धा भुसा उलट अंगावर टाकून गेली, बस. कोणीतरी घरून पंखा आणि वायर आणतो म्हणाला. खरं तर आज उफणणी पंख्यावरच होते, त्यात वाईट काही नाही. मी सारखी आभाळाकडे बघत होते, तर मोठीमाय म्हणाली, “वारा काय तुन्हा नोकर शे का? बस खाली.”

बसलो. त्याच रिकाम्या वेळात खरी माहिती बाहेर पडली. रात्री खळ्यावर राखणीला कोण झोपायचं, चांदण्यात मळणी कशी चालायची. बाया पहाटे जात्यावर बसायच्या, कारण दळल्याशिवाय त्या दिवशीची भाकरी नाही. आम्ही जातं खळ्याशेजारीच ठेवलं होतं. सातवीतल्या दोघी मुली दळायला बसल्या, ओव्या म्हणायचा आग्रह झाला. एकीनं थोड्या वेळानं खांदा धरून विचारलं, “रोज? घरातल्या सगळ्यांचं?” मोठीमाय हसली आणि तिनं कळण्याच्या भाकरीसाठी दादरात उडीद मिसळून दुसरा घास टाकला.

दिवस कलल्यावर पश्चिमेकडून वारा धरला. तिवईवर नाना चढले नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. त्यांचा नातू चढला. खालून पाटी भरून द्यायची, वरच्यानं ती वाऱ्याच्या अंदाजानं हलवत रिती करायची, एकानं राशीवर आलेली काडी हलक्या हातानं झाडूने काढायची. पहिल्या काही पाट्यांचे दाणेच उडाले. मग नाना खालून नुसते “धीरे, धीरे” म्हणत राहिले आणि त्या पोराचा हात बसला.

माप घेताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मोजणारा मध्ये बोलत नाही. चार शेरांची पायली. पोरांनी नंतर गुपचूप एक पायली दादर आणि एक पायली बाजरी वजनकाट्यावर ठेवली, आकडे वेगळे आले, आणि माप आणि वजन यांतला फरक मला वर्गात शिकवावा लागला नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिथे येते. खळ्यावरच बलुतं वाटलं जायचं. सुतार, लोहार, न्हावी, परीट, ज्यांनी वर्षभर काम केलं त्यांना राशीतून वाटा. आमच्या कार्यक्रमात हा प्रवेश होता. पोरं बलुतेदार होणार, सुपात धान्य घेणार, टाळ्या. बैठकीतच पलीकडच्या वस्तीतले एक निवृत्त गुरुजी उठले होते. म्हणाले, “ताई, माझा बाप खळ्याच्या कडेला उभा राहायचा. खळ्यावर पाय ठेवायची त्याला मुभा नव्हती. मोजून झाल्यावर द्याल ते, वरून टाकाल तसं. पंचावन साल घेतलंय ना तुम्ही? मग हेही दाखवणार का?”

कोणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला की जुनं काढून काय उपयोग. अहो, आपण जुनंच तर काढतोय! मी तसं म्हटलं, थोडं आवाज चढवून. पण एखाद्या पोराला कडेला उभं करून वरून दाणे टाकायचे, हेही मला करायचं नव्हतं. गुरुजींनाच विचारलं. ते म्हणाले, नाटक नको, मी बोलेन, पण माप झाल्यावर आणि खळ्यावरून.

त्याप्रमाणे अंधार पडायच्या सुमारास ते चप्पल काढून वर आले, राशीजवळ उभे राहिले आणि पोरांशी बोलले. महार वतन म्हणजे काय, गावकीची कोणती कामं, मोबदल्यात काय. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडलं होतं, आणि कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. “म्हणजे तुमच्या या सालानंतर तीन वर्षांनी,” ते म्हणाले. “आणि पंचावनच्या पुढच्याच वर्षी, छप्पनला, नागपूरला धम्मदीक्षा झाली.” आवाज कुठे जड नाही, हिशेब शिकवावा तसे सांगत होते. एका मुलानं विचारलं, “मग तुमच्या बाबांनी मळणी कुठून बघितली?” गुरुजींनी बोट दाखवलं त्या जागी आता बैलगाडी उभी केलेली होती.

नंतर गावात कुजबुज झाली की कार्यक्रमाचा रंग गेला. मला तसं वाटत नाही. साल निवडलं की त्या सालासोबत येतं ते सगळं घ्यावं लागतं. सोयीचं तेवढं घ्यायचं असेल तर फेटे आणि झोपडी बरी.

दादर शाळेच्या पोषण आहारात दिली, कडबा बैलवाल्यांना. खळं पहिल्या पावसानं मोडलं, आता तिथे तूर आहे. पुढच्या वर्षीही करायचं ठरतंय. नानांची अट एकच, सुतळी चालणार नाही. म्हणून मृगात भावाच्या कपाशीच्या कडेनं अंबाडी टाकलीय. कापून, कुजवून, सोलून झाल्यावर दिवाळीनंतर ते पोरांना दोर वळायला शिकवणार आहेत. ढेरा अजून सापडलेला नाही. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा.