परीक्षा कशावर आहे, सर?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली आणि दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आमच्या मुख्याध्यापकांनी एका पुरवठादाराचे दरपत्रक माझ्या टेबलावर आणून ठेवले. संगणक कक्षातील अकरा यंत्रे विंडोज ११ साठी पात्र नाहीत, सबब नवीन घ्यावीत, असा त्याचा मथितार्थ होता. यंत्रे जुनी आहेत हे खरे. काही सरकारी योजनेतून आलेली, काही माजी विद्यार्थ्यांनी दिलेली. त्यांचे प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचे आहेत आणि नव्या विंडोजला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यांत नाही. पण ती चालतात. मुले त्यांवर टंकलेखन करतात, भूमितीच्या आकृत्या काढतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो, आणि संगणक कक्षाचा चार्ज दुसऱ्या कोणाला नको होता म्हणून नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. सुट्टीत मी चार यंत्रांवर विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे लिनक्सवर आधारित एक मुक्त प्रणाली, बसवली. शाळा उघडल्यावर नववीतील एका मुलीने त्यांपैकी एकाचा माउस इकडेतिकडे फिरवला, मेन्यू उघडून पाहिला आणि विचारले, “सर, परीक्षा कशावर आहे?”

विकसनशील देशांतील शाळांमध्ये मालकीचे सॉफ्टवेअर (विंडोजसारखे, कंपनीच्या परवान्याने मिळणारे) आणि मुक्त सॉफ्टवेअर (कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारे) यांची जी स्पर्धा गेली पंचवीस वर्षे चालू आहे, तिचा निकाल बहुतेक ठिकाणी याच प्रश्नाने लावला, असे माझे मत आहे. किंमत, गुणवत्ता आणि स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान यांवर आपण भरपूर बोलतो; परीक्षेबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

केरळची गोष्ट आपल्याकडे ‘डाव्यांनी मायक्रोसॉफ्टला हाकलले’ अशी एका वाक्यात सांगितली जाते. प्रत्यक्षात घडले ते त्याहून संथ आणि बरेच कंटाळवाणे होते. इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांच्या समितीच्या शिफारशींवरून २००१ च्या सुमारास तेथे ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा अभ्यासक्रम विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसचाच होता. त्याच वर्षी तिरुवनंतपुरममध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेची स्थापना झाली आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन तेथे येऊन गेले, पण शाळांमधले पारडे फिरायला त्यांच्या भाषणापेक्षा शिक्षकांच्या संघटनेची तक्रार अधिक उपयोगी पडली. सरकारी पाठ्यपुस्तकाने एका कंपनीच्या उत्पादनाचे मेन्यू मुलांकडून पाठ करून का घ्यावेत, असा त्या तक्रारीचा रोख होता आणि तेव्हाचे विरोधी पक्षनेते व्ही. एस. अच्युतानंदन यांनी तो उचलून धरला. मधली काही वर्षे दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी नांदल्या. २००६ मध्ये अच्युतानंदन मुख्यमंत्री झाले आणि २००८ पासून दहावीची, म्हणजे तेथील एसएसएलसीची, माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा फक्त मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. दरवर्षी चार लाखांहून अधिक मुले ती परीक्षा देतात. ज्या दिवशी तो निर्णय झाला, त्या दिवशी केरळातील प्रत्येक शाळेतील प्रत्येक पालकाच्या दृष्टीने लिनक्स ही ‘गुण मिळवून देणारी’ गोष्ट झाली, आणि मग कोणाला काही पटवून देण्याची गरजच उरली नाही.

पैशांचा मुद्दा मात्र मला तितकासा पटत नाही. २०१९ मध्ये केरळच्या ‘काइट’ या संस्थेने (‘आयटी ॲट स्कूल’चेच २०१७ नंतरचे रूप) शाळांतील २ लाखांहून अधिक संगणकांवर उबुंटूवर आधारित मुक्त प्रोग्रामांच्या संचाची नवी आवृत्ती बसवली, तेव्हा राज्याचे ३,००० कोटी रुपये वाचल्याचे जाहीर झाले. हिशेब असा, की त्या संचातील सर्व कामांसाठी मालकीचे सॉफ्टवेअर घेतले असते तर प्रत्येक संगणकामागे किमान दीड लाख रुपये लागले असते. गणिताचा शिक्षक म्हणून गुणाकार मी तपासला आणि तो बरोबर आहे. परंतु शाळेसाठी दीड लाखांचे सॉफ्टवेअर कोणी छापील किमतीने विकत घेतले असते, हे गृहीतक काही केल्या गळी उतरत नाही. उलट एप्रिल २००७ मध्ये बिल गेट्स यांनी बीजिंगमध्ये जाहीर केलेली योजना आठवा: विद्यार्थ्यांना संगणक घेऊन देणाऱ्या सरकारांना विंडोज एक्सपी स्टार्टर आणि ऑफिसचा संच अवघ्या ३ डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या सव्वाशेएक रुपयांना मिळणार होता. एकीकडे दीड लाख, दुसरीकडे सव्वाशे. ज्या वस्तूची किंमत समोरचा गिऱ्हाईक पाहून इतकी बदलता येते, तिच्या बाबतीत ‘स्वस्त कोणते’ हा वाद निरर्थक ठरतो. विकणाऱ्याला मुळात मुलाचे पैसे नको असतात, त्याची सवय हवी असते. चीनमधील चोरट्या प्रतींविषयी बोलताना खुद्द गेट्स १९९८ मध्येच म्हणाले होते की, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे.

आता कबुलीही देतो. आमच्या शाळेने विंडोजच्या परवान्यासाठी कित्येक वर्षांत एक रुपयाही खर्च केला नाही, कारण बाजारपेठेतला दुरुस्तीवाला खिशातून सीडी काढत असे, तासाभरात ‘फॉरमॅट मारून’ जात असे आणि दोनशे रुपये घेत असे. महाराष्ट्रातील किती शाळांमध्ये हेच चालले असेल याचा अंदाज कोणीही करावा. अशा ठिकाणी ‘लिनक्स फुकट आहे’ असे सांगायला जाणाऱ्याकडे लोक नुसते पाहत राहतात, कारण त्यांच्या दृष्टीने दोन्ही फुकटच असतात.

केरळचे खरे यश मला दुसऱ्याच ठिकाणी दिसते. माध्यमिक शाळांत संगणक देण्याची केंद्राची योजना आली तेव्हा कर्नाटकाने, आणि आपणही, ‘बूट’ तत्त्व स्वीकारले: खासगी कंत्राटदाराने यंत्रे बसवावीत, आपला प्रशिक्षक नेमावा, पाच वर्षे कक्ष चालवावा आणि नंतर तो शाळेच्या स्वाधीन करावा. केरळने कंत्राट न देता आपल्याच शिक्षकांना शिकवले. गणिताचे, भौतिकशास्त्राचे, मल्याळमचे शिक्षक मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी बाकीच्यांना तयार केले. प्रत्येक शाळेत एक शिक्षक संगणकाचा समन्वयक झाला. बेंगळुरूच्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेने या दोन राज्यांची तुलना केली तेव्हा बाहेरच्यावर सोपवलेली व्यवस्था शाळेत रुजत नाही, असेच तिला आढळले. आमच्याकडे जे घडले त्याला तर अभ्यासाचीही गरज नव्हती. कंत्राटाची पाच वर्षे संपली, तुटपुंज्या मानधनावर राबणारा तरुण प्रशिक्षक निघून गेला आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती आला. कोणत्या यंत्राचा पासवर्ड काय, हेसुद्धा कोणी लिहून ठेवले नव्हते. अशा कक्षात कोणते सॉफ्टवेअर आहे हा प्रश्न गौण असतो, कारण ते बदलण्याची हिंमत असलेला माणूसच तेथे नसतो.

इतर देशांतही असेच दिसते. २००७ मध्ये नायजेरियाने शाळांसाठी इंटेलचे १७,००० क्लासमेट संगणक मागवले आणि त्यांवर मँड्रिव्हा या कंपनीचे लिनक्स बसवून घेतले. माल निघाल्यावर, लिनक्सचे पैसे देऊ पण त्यावर विंडोज बसवू, असे मँड्रिव्हाला कळवण्यात आले, आणि तिचे प्रमुख फ्रान्स्वा बान्सिलोन यांनी मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांना उद्देशून एक संतप्त खुले पत्र लिहिले. पुढे पैसा पुरवणाऱ्या सरकारी निधीने लिनक्सच ठेवायचे ठरवले, पण वर्गात काय शिकवायचे याचा निर्णय खरेदी विभाग आणि पुरवठादार यांच्या बैठकीत होत होता हे त्यातून उघड झाले. दक्षिण आफ्रिकेत २०१३ मध्ये मूलभूत शिक्षण विभागाने परिपत्रक काढून संगणक उपयोजनाच्या विषयासाठी मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि प्रोग्रामिंगसाठी डेल्फी ठरवून टाकले. एकसमान परीक्षा घेणे सोपे जावे, हा युक्तिवाद होता. म्हणजे परीक्षेचे हत्यार तेच. केरळने ते एका बाजूने चालवले, दक्षिण आफ्रिकेने दुसऱ्या बाजूने.

महाराष्ट्राची परिस्थिती तर मला थोडी विनोदीच वाटते. मुक्त सॉफ्टवेअरच्या भारतीय भाषांचे मोठे काम रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात झाले, लोहित हे मुक्त फाँट तेथेच सांभाळले गेले. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून लिनक्स आणि लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचाचे धडे मराठीतसुद्धा दिले. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुक्त सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे काम झाले. एक मूल एक लॅपटॉप या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोगही २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत झाला. एवढे सगळे जवळ असून आमच्या मुलांसाठी संगणक शिकणे म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ पासून चालत आलेला हा अभ्यासक्रम प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिसवर शिकवला जातो आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातीत त्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. त्याने खेड्यापाड्यातील लाखो माणसांची संगणकाची भीती घालवली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. माझ्या पत्नीनेही तो केला आहे. पण प्रमाणपत्र ज्याचे, सवय त्याची. आणि खासगी नोकरीत तरी काय, दुकानदार टॅली मागतो आणि कारखाना एक्सेल मागतो. ‘मुक्त सॉफ्टवेअर शिका’ असे सांगताना ही बाजू झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

भाषेच्या बाबतीत मात्र माझे मन स्पष्टपणे एका बाजूला झुकते. आमच्या कार्यालयातील जुन्या प्रश्नपत्रिका ज्या फाँटमध्ये आहेत तो युनिकोड, म्हणजे सर्व यंत्रांवर सारखीच चालणाऱ्या अक्षरसंकेताचा, नाही. फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की ‘प्रश्न पहिला’ऐवजी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि तेवढ्यासाठी लिपिकांचे यंत्र विंडोजवरून हलवता येत नाही. पंचवीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका एका फाँटच्या ओलीस आहेत. याउलट परवा उबुंटूवर एका मुलाला ‘दुसऱ्या’ लिहायचे होते. त्याने साधा र, हलन्त आणि य दाबले. रफार वर गेला आणि पडद्यावर ‘दुसर्या’ उमटले. हे चुकले, एवढे त्याला दिसत होते. मी त्याला इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीत शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ दाबायला सांगितली आणि अर्धा र जागेवर आला. असा अर्धा र आपल्याला रोज लागतो. एखाद्या मुक्त फाँटमध्ये तो नीट उमटत नसेल तर तो दुरुस्त करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. केरळमध्ये मल्याळमसाठी स्वयंसेवकांनी नेमके हेच केले. त्यांचा मीरा हा फाँट लिनक्सबरोबरच मिळतो.

लढाईची जागाही आता बदलली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीत, महाराष्ट्र सरकारने गुगलशी करार करून शाळांना गुगल क्लासरूम दिले. २०२१ मध्ये केरळनेही ऑनलाइन वर्गांसाठी गुगलचीच व्यवस्था घेतली. ज्या राज्याने संगणकावरचा प्रत्येक प्रोग्राम निरखून निवडला, त्याच्या मुलांची खाती आणि वह्या शेवटी परक्याच्या सर्व्हरवर गेल्या. त्या वेळी तेथे मुले मोबाइलवर शिकत होती, आणि मोबाइलवर काय असावे हे कोणत्याही राज्याच्या अभ्यास मंडळाने ठरवलेले नव्हते. यात केरळला दोष देण्याचा माझा हेतू नाही; आम्ही तर मागेपुढेही न पाहता सही केली होती.

राहिला आमचा कक्ष. चार यंत्रे उबुंटूवर आहेत आणि पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतात, म्हणून मुलगे त्यांच्यासाठी भांडतात. प्रिंटर त्यांतल्या एकालाच ओळखतो, का ते मला अजून उमगलेले नाही. जिओजेब्रा हा भूमितीचा प्रोग्राम उत्तम चालतो. शालार्थ (शिक्षकांचे पगार) आणि यूडायस प्लस (शाळेची माहिती) ही सरकारी संकेतस्थळे ब्राउझरमध्ये उघडतात, त्यामुळे मुख्याध्यापकांची हरकत नाही. दरपत्रक माझ्या खणात आहे. संस्थेची बैठक पुढच्या महिन्यात आहे.

त्या मुलीला मी सांगितले होते की, आपल्या शाळेत संगणकाचे गुण अंतर्गत असतात, परीक्षा मीच घेणार आणि ज्या यंत्रावर बसशील त्यावर घेणार. तिने क्षणभर विचार केला. “आणि सर, दहावीनंतर एमएस-सीआयटी लावणार आहेत घरचे. ते कशावर असतं?” मी खरे ते सांगितले. तिने दप्तर उचलले आणि खिडकीजवळच्या विंडोजच्या यंत्रासमोर जाऊन बसली.