साडेअकरा किलो

गेल्या वर्षी पैठण ते पंढरपूर वारीत दिंडीच्या ट्रकानं घात केला नसता तर यंदा मी पाठीवर सॅक घेतलीच नसती. सगळ्यांसारखी भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरलेली, वळकटी आणि पिशवी ट्रकात टाकलेली. मिडसांगवीचं रिंगण झालं, पुढं पाऊस लागला आणि ट्रक कुठंतरी चिखलात रुतला तो रात्री दीडला आला. तोवर मी ओल्या साडीत एका शाळेच्या ओट्यावर कुडकुडत बसलेले. आला तर माझी पिशवी सगळ्यात खाली. ड्रायव्हर म्हणाला, सकाळी काढू. त्या रात्री पांडुरंगाला जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. पण तेव्हाच ठरवलं, पुढच्या साली जे लागेल ते स्वतःच्या पाठीवर.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी पोराची सॅक गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. साडेअकरा किलो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पंढरपूरला तांदूळ मिळत नाही का?"

पोरगा पुण्याला असतो, शनिवार-रविवार किल्ले चढतो. त्यानं फोनवर सांगितलेलं की आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर ओझं नको. माझं वजन बासष्ट. म्हणजे बारा किलोपर्यंत चालतंय की! साडेअकरा म्हणजे उलट मी शहाणीच. हा हिशोब दोन दिवस गडावर जाऊन परत येणाऱ्या पंचविशीतल्या पोराचा आहे, अठरा-एकोणीस दिवस चालणाऱ्या एकावन्न वर्षांच्या बाईचा नाही, एवढं डोक्यात आलं नाही. गणित शिकवते मी शाळेत.

काय होतं त्यात? चार साड्या, स्वेटर, चादर, खाली लोंबकळणारी गुंडाळी करून बांधलेली फोमची चटई. लिटर लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे दोन किलो तर नुसतं पाणीच. स्टीलचा डबा, त्यात मेथीचे लाडू. चहाचा थर्मास. चार्जर, पॉवर बँक, टॉर्च, औषधांची पिशवी. आणि आईची मोठ्या टाइपातली पोथी, जुन्या बांधणीची, विटेएवढी. आई गेल्यावरची ही दुसरी वारी. पोथी तिच्या नावानं न्यायचीच होती.

पैठणला निघताना डोळे भरून आले. एकनाथ महाराजांच्या, आमच्या नाथांच्या, पालखीमागं "भानुदास एकनाथ" सुरू झालं की मला दरवर्षी तसंच होतं. गोदावरी मागं पडली, चनकवाडी, हदगाव, लाडजळगाव. पहिले दोन दिवस पाठीवर काही आहे हे जाणवलंसुद्धा नाही, किंवा जाणवलं ते टाळांच्या आवाजात बुडालं. आमच्या दिंडीतल्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर तुळस, काखेत एक पडशी. पडशीत एक लुगडं, एक ताट, एक पेला आणि खताच्या गोण्या उसवून शिवलेलं पोतं. झालं सामान. त्या माझ्याकडं बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवसापासून मला त्या आजींचा राग यायला लागला. कारण काही नाही. त्या सरळ चालत होत्या, एवढंच.

रायमोहा कुठल्या तारखेला आलं ते आठवत नाही. सकाळी काकडा, मग चाल, मग विसावा, मग चाल, संध्याकाळी समाजआरती, सगळं एकात एक मिसळलेलं. लक्षात आहे ती पाटोद्याच्या अलीकडची दुपार.

आदल्या रात्री पाऊस झालेला आणि सकाळपासून कडक उघडीप. गर्दी टाळावी म्हणून मी डांबरी सोडून शेताच्या कडेनं चालायला लागले. आपली काळी माती, वेगळं काय सांगायचं. दहा पावलांत बुटाला असा लगदा चढला की बूट खुरप्यानं खरवडावा. एकेका पायाला अर्धा किलो तरी. बूट आधीच चावत होते. दुकानात सकाळी, ताज्या पायावर माप दिलेलं. चार-पाच दिवस ओझं घेऊन चालल्यावर पाय सुजला आणि तेच बूट एक नंबर लहान झाले. त्यात मोजे ओले. डाव्या टाचेला आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी फोड आलेले मला कळत होतं, पण बघायचं धाडस नव्हतं. चढ लागला. बालाघाटाचा चढ तसा फार नाही, एसटीत बसलं तर कळतही नाही. दिंडी पुढं गेली. मागची दिंडी आली, तीही पुढं गेली. पखवाज लांब गेला. मग नुसतंच ऊन.

एका वस्तीपाशी बाभळीखाली उभी राहिले. बसले नाही, कारण बसले तर सॅकसकट उठता येणार नव्हतं.

"कामून उभ्या राह्यल्या मावशी? या की वसरीवर."

तिशीची बाई असेल. कडेवर पोर, दुसरं पदराला. मी म्हटलं, "नको गं, दिंडी पुढं गेली."

"दिंडी कुठं जायलीय? पाटोद्यालाच मुक्कामी हाय. या."

तिनं मागून येऊन सॅक धरली, मी पट्टे सोडले, आणि एकदम पुढं तोल गेला. ओझं उतरल्यावर माणूस काही क्षण तसंच वाकून चालतं, ते मला त्या दिवशी कळलं. खांद्यांवर पट्ट्यांचे दोन लाल वळ उठलेले. बूट काढले, मोजा सोलून काढावा लागला. ती नुसती "आगं आई" म्हणाली आणि आत जाऊन सुई-दोरा घेऊन आली. सुई चुलीच्या जाळावर धरली, दोऱ्याला हळद चोळली, फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढला आणि दोऱ्याचा तुकडा आतच ठेवला. पाणी आपोआप झिरपून जातं, कातडी निघत नाही. वारीत हे सगळेच करतात. माझी नणंद डॉक्टर आहे, तिला नंतर सांगितलं तर ती पाच मिनिटं माझ्यावर ओरडत होती. ओरडू दे. ती नव्हती तिथं.

मग तिनं सॅक एका हातानं उचलली. वर-खाली केली, जशी बाजारात आपण वांग्याची पिशवी तोलतो तशी.

"वजन काहीच न्हाई हो ह्याच्यात. बांधलंय वाकडं."

मी चिडले. साडेअकरा किलो काहीच नाही? ती हसली. म्हणाली, "आमची मोळी तीस-पस्तीसची. डोक्यावर घिऊन फळीवरून ट्रकात चढायचं. मोळी वाकडी बसली का मान गेलीच म्हणून समजा."

ऊसतोडीची बाई. पाटोदा, शिरूर कासार, हा सगळाच कोयता घेऊन जाणारा भाग. मी याच बीड जिल्ह्यात सव्वीस वर्षं शिकवते, दिवाळीच्या आसपास वर्ग अर्धे रिकामे होताना बघते, हजेरीत गैरहजर लिहिते. मोळी बांधायची कशी हे कुणाला विचारावं असं कधी मनात आलं नव्हतं.

तिनं विचारलं, "काढू का समदं?" आणि उत्तराची वाट न बघता सॅक वसरीवर पालथी केली. माझ्या चार साड्या, आतले कपडे, औषधं, सगळं तिच्या पोरांसमोर. लाजच वाटली. ती एकेक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायची, "ही रोज लागती?" थर्मास? नाही. चहा तर पावलोपावली मिळतो. दुसरी बाटली? नाही. वारीच्या वाटेवर टँकर उभेच असतात, आणि ती दोन बाटल्या एकाच बाजूच्या खिशात बघून म्हणाली, "म्हणूनच तुम्ही डाव्या अंगानं लंगडायला लागलाव." चार साड्यांपैकी दोन? नाही. लाडवांचा डबा तोवर पोरांनी उघडला होता, त्यामुळं तो प्रश्न सुटला.

चटई हातात घेतली तेव्हा मी म्हटलं, ही लागते. ती म्हणाली, "भुईवर निजत न्हाई का तुम्ही?" तिच्यासमोर हो म्हणायची मला लाज वाटली. चटई तिथंच ठेवली.

पोथी मात्र तिनं घेतली नाही. मीच म्हटलं, देवाजवळ ठेव, परतीला नेईन. तिनं ती कपाळाला लावून परत माझ्या हातात दिली. "आम्ही दसऱ्यानंतर जाणार कारखान्याला. मग हिला फूल कोण वाहीन?"

मग भरायला बसली. चादर आणि साड्या तळाला. पोथी, औषधं, जे जड ते मध्ये आणि पाठीला घट्ट चिकटून. बाहेरच्या अंगाला हलकं. खाली लोंबणारं काही नाही. "जड आंगाला लावायचं, म्हंजी ते आपलंच होतं. लांब गेलं का ते वडतं." हेच पोरानं मला फोनवर पंधरा मिनिटं समजावलं होतं आणि मी हं हं करत भाजी फोडणीला टाकली होती. शेवटी कमरेचा पट्टा. तो मी निऱ्यांवर येतो म्हणून पहिल्या दिवसापासून मागं बांधून टाकलेला. तिनं जुन्या लुगड्याच्या चिंधीच्या दोन लांबट चुंबळी वळल्या, कमरेच्या हाडांवर ठेवल्या आणि वरून पट्टा आवळला. असा आवळला की माझा श्वासच अडकला. "वजन कमरंनं घ्यायचं. खांद्यानं नुसतं धरून ठिवायचं."

उभी राहिले. खांदे मोकळे. खरंच मोकळे. मला रडू आलं, आणि नेमकं तेव्हाच तिचं धाकटं पोर लाडवाचे हात घेऊन माझ्या पदराला पुसत होतं.

पिठलं-भाकरी खाल्ली. पैसे देऊ केले तर तिनं असं बघितलं की पाकीट परत आत घातलं. तिच्या सासूनं माझ्या पाया पडायचं म्हटलं, वारकरी म्हणून. मी मागं सरले. कुणी कुणाच्या पाया पडायचं ते ठरेना, शेवटी दोघी एकदमच वाकलो आणि डोकी आपटली.

डिघोळला रात्री कीर्तनात बुवांनी नाथांची कावड लावली. काशीचं पाणी रामेश्वराला नेताना वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ती कथा. लहानपणापासून शंभरदा ऐकलीय. पण काशीपासून खांद्यावर आणलेलं पाणी एका घटकेत रिकामं झाल्यावर खांद्याला कसं वाटलं असेल, हा विचार या वेळी पहिल्यांदा आला आणि मला हसू फुटलं. शेजारच्या बाईनं डोळे वटारले. लाउडस्पीकर माझ्या कानाशीच होता, नाहीतर मी कदाचित भक्तीनं ऐकलं असतं.

खर्डा गेलं. रिंगणं झाली, धुळीनं घसा बसला. परंड्याला किल्ला लांबून दिसला.

परंड्याच्या रात्रीबद्दल मात्र सांगते. मुक्कामाला शहाबादी फरशी, पावसानं गार पडलेली, वर ओल धरलेली भिंत. चादर अंथरली तर पांघरायला काही नाही, पांघरली तर खाली फरशी. कंबर धरली. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होताना मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या दिल्या. जिनं माझे पाय वाचवले तिला. चटई अर्धा किलोचीसुद्धा नव्हती! तिच्यापेक्षा पॉवर बँक काढायला हवी होती, स्वेटर काढायला हवा होता, काहीही काढायला हवं होतं. दिवसाच्या ओझ्याचा हिशोब करताना रात्रीची झोप कुणी मोजलीच नव्हती. न झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पाच किलोही दहा लागतात, हे सीना नदी ओलांडेपर्यंत चांगलंच कळलं.

पहाटे कधीतरी कुणीतरी माझ्या अंगाखाली काहीतरी सरकवलं. पडशीवाल्या आजी. खताच्या गोणीचं ते पोतं, दुहेरी केलेलं. त्या स्वतः भिंतीला टेकून जप करत बसल्या होत्या. "मला आता झोप कुठली बाई," म्हणाल्या. युरियाचा वास येत होता त्याला. मेल्यासारखी झोपले.

करकंब, होळे, चंद्रभागा. मुखदर्शनच घेतलं, रांगेत उभं राहायची ताकद नव्हती. कळस दिसला तेव्हा हात जोडायचं विसरून मी आधी कमरेचा पट्टा सैल केला. पोथी एकदाही उघडली नव्हती. हरिपाठ पाठच आहे, आणि संध्याकाळी टॉर्च धरून वाचायचे त्राण कधी नसायचे. वाळवंटात बसून तिच्यावरचं प्लास्टिक काढलं, पहिल्या पानावरचं आईचं नाव वाचलं आणि परत गुंडाळून ठेवली.

येताना एसटी दुसऱ्या रस्त्यानं आली. चटई आणायला जायचं राहूनच गेलं. तिचा नंबर होता माझ्याकडं, फोन करीन करीन म्हणत दसरा आला. मग तिचाच आला.

"मावशी, आम्ही परवा निघालोत कारखान्याला. तुमची ती चटई नेऊ का कोपीत? पोरांच्या खाली टाकायला बरी हाय."

"ने की गं," म्हटलं. "आणि डबा?"

"डबा तर कव्हाच बांधला," ती म्हणाली.