पाणी पाजण्याचा आग्रह

आज आशा कार्यकर्त्या आणि घरी रुग्णसेवा करणाऱ्या ताईंच्या प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ एकाच प्रश्नावर गेला: अखेरच्या दिवसांत अन्नपाणी सुटलेल्या रुग्णाला घरचे चमच्याने पाजू लागले, तर त्यांना काय सांगायचे? गिळता येत नसताना पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून ओल्या गॉजने ओठ टिपत राहावे आणि हे काम मुलाच्या किंवा सुनेच्याच हाती द्यावे, म्हणजे आपण काहीच केले नाही ही खंत त्यांना उरत नाही, हे आम्ही प्रत्यक्ष करून दाखवले. घशातील घरघरीसाठी रुग्णाला कुशीवर वळवणेही शिकवले.

मुंबईत शांती आवेदना सदन हे मरणासन्न रुग्णांची सेवा करणारे केंद्र १९८६ साली सुरू झाले, २०१४ च्या अमली पदार्थ कायद्यातील दुरुस्तीने तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची वाट थोडी मोकळी झाली. तरीही खेड्यात अपरात्री हाक जाते ती या ताईंनाच, आणि त्यांचे प्रशिक्षण एका बैठकीत उरकणे मला अन्यायाचे वाटते.