तेराव्या वर्षी मक्याच्या शेतात

'तुमची मुलगी अमेरिकेत शेतात मजुरीला जाते म्हणे?' यंदा पुण्याला आले तेव्हा कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कितीतरी जणींनी विचारलं. हो, जाते. तेरा वर्षांची आहे आणि मला तिचं फार कौतुक आहे. आईला मात्र अजून पटलेलं नाही. 'पोरीला उन्हात राबवायला तिकडे गेलात का?' म्हणते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही नेब्रास्कात राहतो. इथे मक्याचं संकरित बियाणं पिकवतात. त्यासाठी दोन वेगळ्या वाणांचा संकर करतात: साधारण चार ओळी मादी वाणाच्या, मग एक नर वाणाची, अशी पेरणी असते. मादी ओळींचे तुरे, म्हणजे शेंड्यावरची नरफुलं, पराग सुटायच्या आत काढले नाहीत, तर त्यांचेच पराग त्यांच्याच कणसांवर पडतात आणि संकर होतच नाही. बरेचसे तुरे यंत्र काढतं, पण झाडं काही एका उंचीची नसतात. राहिलेले तुरे हातानेच उपटायचे. हे काम जुलैत दोन-तीन आठवड्यांत उरकावं लागतं आणि तेव्हा शाळांना सुट्टी असते. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या शाळकरी मुलंच ते करत आली आहेत.

पहाटे बस येते. शेतात दव इतकं असतं की मुलं कचऱ्याच्या काळ्या पिशवीला डोक्यापुरतं नि हातांपुरतं भोक पाडून ती अंगात घालतात. ऊन चढलं की तीच पिशवी नकोशी होते. पानाची कड कापते, म्हणून लांब बाह्या, हातमोजे, गळ्याला रुमाल. तरी मनगटांवर पुरळ येतंच. पोंग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून, तुरा सरळ वर ओढायचा आणि जमिनीवर टाकायचा. पानांत अडकून राहिला तर तिथूनही पराग उडतो. हे मला लेकीनं समजावलं, तेही जेवताना, हात हलवून.

काम मिळवणं अवघड नाही. उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी ठेकेदारांची नोंदणी सुरू होते, वरच्या वर्गातली मुलंच सांगतात कुणाकडे जायचं ते. एरवी स्ट्रॉबेरी किंवा भोपळ्याच्या मळ्यावर थेट जाऊन विचारलेलं चालतं.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे १२-१३ वर्षांच्या मुलांना पालकांच्या लेखी संमतीनं, शाळेच्या वेळेबाहेर, धोका नसलेलं शेतकाम करता येतं. विषारी कीटकनाशकं हाताळणं किंवा मोठा ट्रॅक्टर चालवणं धोक्याच्या यादीत येतं. ट्रॅक्टरला प्रशिक्षण घेतलेल्या १४-१५ वर्षांच्या मुलांपुरती सूट आहे. 'आमच्या मुलालाही सुट्टीत पाठवू का?' असं विचारणाऱ्यांसाठी: पर्यटक व्हिसावर पगारी काम करता येत नाही. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या, आपल्या मुलांनाही नाही. माझ्या मैत्रिणीचा मुलगा याच कारणानं घरी बसला आणि त्याचे सगळे मित्र शेतात. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

याच कायद्याची दुसरी बाजू मला खुपते. इतर बहुतेक नोकऱ्यांना किमान वय १४, शेतीला १२. दुकानात १४-१५ वर्षांच्या मुलाचे तास बांधलेले असतात. शेतात शाळा नसलेल्या दिवशी केंद्रीय कायदा तासांची मर्यादाच घालत नाही. माझ्या लेकीला नको वाटलं तर ती दुसऱ्या दिवशी घरी राहू शकते. भाजीपाल्याच्या तोडणीसाठी गावोगाव फिरणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांतल्या तिच्याच वयाच्या मुलीला ती मोकळीक नाही. बारामती-दौंडकडे ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांतली मुलं आठवा. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनं बंदी आहे. शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या, धोका नसलेल्या कामात मदत मात्र चालते. तरी हंगामात ऊसतोडीच्या मुलांची शाळा सुटतेच. हाताला तेच पुरळ, पण निवड त्यांची नसते.

लेकीला पुढच्या जुलैत परत जायचंय. मी सही करणार आहे. त्याआधी ठेकेदाराला विचारणार आहे, पाणी किती वेळानं देता, सावलीत कुठे बसवता, आणि फवारणी झालेल्या शेतात मुलांना किती दिवसांनी नेता.