कॉटन वेस्टखालचे १९ जॉब

लेथ, म्हणजे जॉब फिरवून कापायचं मशीन; त्या सेक्शनला मी सुपरवायझर झालो, त्या वर्षी रिजेक्शनने डोकं उठवलं होतं. बुश म्हणजे धातूची छोटी पोकळ नळी; तिचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा व्हायचा. भोक तपासायच्या प्लग गेजचं 'नो-गो' टोक, जे आत जायलाच नको, ते शिरलं की जॉब, म्हणजे तो नग, बाद. माणसं मन लावून काम करत नाहीत, असं माझं ठाम मत झालं आणि मी योजना काढली: ज्या शिफ्टचं रिजेक्शन महिन्यात सगळ्यांत कमी, त्या शिफ्टला रोख बक्षीस आणि फळ्यावर नावं. दोन महिन्यांत आकडा निम्म्यावर आला. मीटिंगमध्ये माझा आलेख पडद्यावर झळकला. खोटं कशाला बोलू, त्या रात्री झकास झोप लागली.

तिसऱ्या महिन्यात एकदा शिफ्ट बदलताना हात पुसायला कोपऱ्यातल्या डब्यातून कॉटन वेस्ट ओढलं, तर आत खणकन वाजलं. हात घातला. एक बुश, दुसरा, तिसरा... १९ निघाले. तेल लावून, कागदात गुंडाळून, ओळीने रचलेले. (आमच्या डिस्पॅचला इतकं नीट पॅकिंग कधी जमलं नव्हतं.)

मशीनवर सेक्शनमधले सगळ्यांत जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. मी बुश त्यांच्यासमोर धरला. ते ना चिडले, ना ओशाळले.

"साहेब, बक्षीस आकडा कमी दाखवायचं होतं. दाखवला."

मग म्हणाले, "या इकडे." मशीन बंद करून त्यांनी चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब पकडला, बारीकशी हालचालही दाखवणारा डायल लावला आणि लाकडी दांड्याने जॉबला हलकंच रेटलं. काटा सरकला, तो परत जागेवर आलाच नाही. चकचे जॉ, म्हणजे जॉब आवळणारे जबडे, पुढून झिजले होते. टूल लागलं की जॉब किंचित हलणार, मग बोअर मापात यायचा कुठून? "पाच महिने झाले लिहून देऊन," मामा म्हणाले. मी मेंटेनन्सची फाइल काढली. चिठ्ठी होती. खाली 'मिळाली' म्हणून सही माझीच.

गंमत म्हणजे हे मला शिकवलं गेलं होतं. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट यांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये मांडलं, की कामात वैताग आणणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि हुरूप देणाऱ्या वेगळ्या. कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक, पगारसुद्धा, त्याने पहिल्या गटात टाकले. हे नीट नसेल तर माणूस वैतागतो, पण नीट झालं म्हणून लगेच पेटून उठतो असंही नाही. हुरूप येतो तो काम जमल्याचा, त्याची कुणी दखल घेतल्याचा. ट्रेनिंगला मी मान डोलावली होती. परत येऊन झिजलेल्या जॉवर बक्षीस लावलं.

त्याच आठवड्यात जॉ बदलले. योजना बंद केली, तेव्हा दोघं-तिघं नाराज झाले. त्यांच्या हिशेबात ते पैसे धरलेले होते, आणि ती चूकही माझीच. चिठ्ठ्यांसाठी एक वही मशीनपाशीच टांगली. समोरच्या रकान्यात मी काय केलं ते तारखेसह लिहायचं, जमलं नाही तर का नाही तेही.

त्या महिन्यात ते १९ जॉब धरून रिजेक्शनचा आकडा चढला. मॅनेजरांनी आलेखावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी खिशातून एक बुश काढून टेबलावर ठेवला. अजून तेलकट होता.