इंग्रजीतली दोन कर्मं आणि आपला ‘ला’

इंग्रजी वाक्यातलं प्रत्यक्ष कर्म (ज्याच्यावर क्रिया घडते ते) आणि अप्रत्यक्ष कर्म (ज्याला किंवा ज्याच्यासाठी ती वस्तू असते तो) ओळखायची एक युक्ती मुलांना हमखास सांगितली जाते: वाक्याचं मराठी करा, ज्या शब्दाला ‘ला’ लागेल ते अप्रत्यक्ष कर्म. सुरुवातीच्या चार-पाच वाक्यांना ती लागू पडते, आणि मग मुलं तोंडघशी पडतात.

ही तीन वाक्यं पाहा. ‘मीनाने रवीला पेन दिलं’, म्हणजे ‘मीना गेव्ह रवी अ पेन’. इथे रवी अप्रत्यक्ष कर्म, युक्ती बरोबर. ‘मीनाने रवीला पाहिलं’, म्हणजे ‘मीना सॉ रवी’. इथेही ‘ला’ आहे, पण रवी प्रत्यक्ष कर्म आहे. ‘मीनाला हे पुस्तक आवडतं’, म्हणजे ‘मीना लाइक्स धिस बुक’. इथे ‘ला’ लागलेली मीना इंग्रजीत थेट कर्ता होऊन बसली! मराठीत माणसाचं किंवा प्राण्याचं नाव कर्म असलं की बहुधा ‘ला’ येतोच, मग ते कर्म कुठलंही असो. आपण ‘पेन पाहिलं’ म्हणतो, पण ‘रवीला पाहिलं’. त्यामुळे कर्माचा प्रकार ‘ला’वरून ठरवता येत नाही.

इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नसतो. तिथे काम करते ती जागा, आणि मुलांना सर्वांत आधी हेच दिसायला हवं. त्यासाठी चार चिठ्ठ्या पुरतात: ‘मीना’, ‘शोड’, ‘रवी’, ‘द पपी’. या क्रमाने लावल्या की मीनाने रवीला पिल्लू दाखवलं. शेवटच्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, ‘मीना शोड द पपी रवी’, की पिल्लाला रवी दाखवला असा अर्थ होतो. आता मराठीत ‘मीनाने पिल्लू रवीला दाखवलं’ असं फिरवून पाहा. भर थोडा बदलतो, अर्थ तोच राहतो. हा फरक मुलाने स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या हलवून पाहिला की नियम पाठ करायची गरजच उरत नाही: क्रियापदानंतर लागोपाठ दोन कर्मं आली तर आधी घेणारा, मग वस्तू.

ओळखण्यासाठी प्रश्न विचारायचे, पण मराठीतून नाही. ‘कोणाला?’ हा प्रश्न पाहिलेल्या रवीलाही लागू पडतो आणि पेन मिळालेल्या रवीलाही, म्हणजे गोंधळ जिथल्या तिथे. आधी क्रियापद शोधा आणि त्याच्यापुढे ‘व्हॉट’ किंवा ‘हूम’ जोडा. ‘गेव्ह व्हॉट?’ उत्तर ‘अ पेन’: हे प्रत्यक्ष कर्म. ते सापडल्यावरच दुसरा प्रश्न, ‘टू हूम?’ किंवा ‘फॉर हूम?’ उत्तर ‘रवी’: हे अप्रत्यक्ष. ‘मीना सॉ रवी’मध्ये ‘सॉ हूम?’ला उत्तर मिळतं आणि ‘टू हूम?’ विचारायला वावच नाही. प्रश्नांचा हा क्रम मोडू देऊ नका.

दोन ठिकाणी हे प्रश्नही फसवतात. ‘मीना इज अ डॉक्टर’मध्ये ‘इज व्हॉट?’ला उत्तर येतं, पण डॉक्टर म्हणजे मीनाच. तिने दुसऱ्या कशावर क्रिया केलेली नाही. ते पूरक आहे, कर्म नाही. आणि ‘शी राइट्स वेल’मधलं ‘वेल’ कसं लिहिते ते सांगतं, काय लिहिते ते नाही.

हे पक्कं झालं की दुसरी रचना घ्या: ‘मीना गेव्ह अ पेन टू रवी’. आता वस्तू आधी आणि घेणारा ‘टू’च्या मागून. काही पुस्तकं या रवीलाही अप्रत्यक्ष कर्म म्हणतात, काही त्याला ‘टू’चं कर्म म्हणतात. प्राथमिक वर्गात या नावावरून गुण कापू नयेत असं माझं ठाम मत आहे. चूक होते ती वेगळीच. दोन्ही रचना एकत्र होऊन ‘मीना गेव्ह टू रवी अ पेन’ असं वाक्य तयार होतं. म्हणून एकच गोष्ट बजावायची: घेणारा आधी आला तर ‘टू’ नाही, नंतर आला तर ‘टू’ हवाच.

‘टू’ की ‘फॉर’ हे क्रियापद ठरवतं. गिव्ह, सेंड, शो, लेंड, पास यांत वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तिथे ‘टू’. मेक, बाय, कुक, फाइंड यांत कोणासाठी तरी काम केलं जातं, तिथे ‘फॉर’: ‘शी मेड अ काइट फॉर रवी’. सुरुवातीला ‘टू’वाली तीन क्रियापदं पुरेत. ती सरावाची झाल्याशिवाय ‘फॉर’ आणू नका, नाहीतर ‘गेव्ह अ पेन फॉर रवी’ सुरू होतं.

सर्वनामांचा वेगळा सराव लागतो. कर्माच्या जागी ‘ही’ नाही, ‘हिम’. ‘शी’ नाही, ‘हर’. ‘आय’ नाही, ‘मी’. हा शेवटचा शब्द मराठी मुलांना फार छळतो, कारण आपला ‘मी’ कर्ता आणि इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे ‘मला’. ‘गिव्ह मी द बुक’ मोठ्याने म्हणायला लावा आणि दर वेळी ‘मला’ हा अर्थ वदवून घ्या. वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ असेल तर सरळ ‘टू’ची रचना शिकवा: ‘गिव्ह इट टू हिम’.

राहिली ती क्रियापदं ज्यांना लागोपाठ दोन कर्मं चालतच नाहीत. ‘मला हे गणित समजावून सांगा’ यावरून मुलं ‘एक्सप्लेन मी धिस सम’ म्हणतात, आणि मराठीच्या हिशेबाने ते चुकीचं वाटतही नाही. बरोबर वाक्य ‘एक्सप्लेन धिस सम टू मी’. ‘से’चंही तसंच: ‘शी सेड मी’ नाही, ‘शी सेड टू मी’ किंवा ‘शी टोल्ड मी’. ‘टेल’ला माणूस लगेच पुढे चालतो, ‘से’ला चालत नाही. डिस्क्राइब आणि सजेस्ट ‘से’च्याच बाजूचे. या चारांची यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगा आणि प्रत्येकापुढे ‘टू’ घातलेलं एक पूर्ण वाक्य लिहून घ्या. नुसतं क्रियापद पाठ करून ‘टू’ लक्षात राहत नाही.